वकील मोबाईलवरचा की समोरचा? आधी विचारा, तो कोणाचा!

आपल्या वस्त्यांमधून आता घर, प्लॉट, क्वचित शेत विकत घेणारी पिढी उभी राहिली आहे. पीएफमधून काढलेले पैसे, आईचे दागिने, बँकेचे कर्ज आणि बहिणीकडून उसने घेतलेले लाख-दीड लाख असा सगळा मेळ घालून ही माणसे रजिस्ट्रार ऑफिसच्या दारात उभी राहतात. या पिढीच्या आजोबांकडे तपासायला कागदच नव्हता. त्यामुळे मालमत्तेचा कागद कसा वाचायचा आणि कोणाकडून वाचून घ्यायचा, हे ज्ञान आपल्याला वारशाने मिळालेले नाही. ज्यांच्या ट्रंकेत चार पिढ्यांचे सातबारे आहेत त्यांचा एखादा चुलता तलाठी असतो, एखादा मामा वकील असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा यातले कोणीच नसते. असतो तो मोबाईल.

त्या मोबाईलवर आता जाहिराती येतात. घरबसल्या कागद तपासून घ्या, वकिलाकडे खेटे घालू नका, ठराविक फी भरा, दोन दिवसांत रिपोर्ट मेलवर. आमच्या तरुण मित्रांना हे पटते. ज्येष्ठ कार्यकर्ते मात्र म्हणतात, वकील समोर बसलेलाच हवा, त्याच्या डोळ्यात बघून बोलता आले पाहिजे. हा वाद आमच्या बैठकांमध्ये वारंवार निघतो. आमचे म्हणणे असे की दोन्ही बाजू अर्धा प्रश्न विचारत आहेत. वकील कुठे बसला आहे याआधी तो कोणाचा आहे, त्याने दिलेले मत लेखी आहे का आणि चुकले तर तो कोणाला जबाबदार आहे, हे विचारायला हवे.

ऑनलाईनची बाजू खोटी नाही

आधी तरुणांचे ऐकू. तालुक्याच्या गावात वकिलाच्या ऑफिसात आपला माणूस गेला की पहिला प्रश्न कागदाचा नसतो. गाव कोणते, आडनाव काय, कोणाच्यातले, हे आधी येते. उत्तर मिळाले की खुर्ची पुढे होते किंवा होत नाही. अनेकदा जमीन विकणारा आणि वकील एकाच भावकीतले, नाहीतर एकाच पतसंस्थेचे संचालक असतात. अशा ठिकाणी आपण फी देऊन बसलो तरी आपली बाजू कमजोरच असते. ‘समोरासमोर’ या शब्दात मोठा विश्वास आहे असे ज्यांना वाटते, त्यांना गावात समोर उभे राहण्याची किंमत मोजावी लागलेली नाही.

दुसरे असे, की ज्या कागदासाठी आपल्या वडिलांनी तलाठ्याच्या चावडीवर दिवस घालवले, तो कागद आज पडद्यावर दिसतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा, आठ-अ आणि फेरफार मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पूर्वीच्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहता येते. ‘आपली चावडी’वर गावातल्या प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या नावाने चालू दावे शोधता येतात. महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने स्वतः भरलेली माहिती, प्रकल्पावरचा बोजा आणि जमिनीच्या मालकीबाबतचा वकिलाचा दाखलाही असतो.

ही साधी गोष्ट नाही. ज्ञानाची मक्तेदारी हा या देशातल्या जातिव्यवस्थेचा कणा आहे आणि जमिनीचा कागद हा त्या मक्तेदारीचा गावातला सर्वात जवळचा नमुना. तो पडद्यावर आला हे आपल्या फायद्याचे आहे. म्हणून कागद काढण्याचे काम ऑनलाईनच करा. ते शिका, वस्तीतल्या दहा जणांना शिकवा, त्यासाठी एजंटला पाचशे रुपये देऊ नका.

पण कागद काढणे वेगळे आणि कागद तपासणे वेगळे. जाहिरात नेमकी इथे गोलमाल करते.

पडद्यावर न दिसणारी जमीन

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद बरोबर आहे असे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. त्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या बहिणींची नावे का नाहीत, हे सातबारा सांगत नाही. वडील वारल्यावर भावांनी ‘बहिणींचा हक्क नाही’ म्हणून परस्पर वारसनोंद केली असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या बहिणी किंवा त्यांची मुले उद्या दावा घेऊन उभी राहू शकतात. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे आपल्याच माणसाकडून घेत असलो तरी हा प्रश्न सुटत नाही. मुलीला वाटा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, आणि त्यांचे अनुयायी बहिणीची सही नसलेली जमीन स्वस्तात मिळते म्हणून घेतात, हे शोभणारे नाही. त्या बहिणी किती, कुठे दिल्या, त्यांनी हक्कसोड खरोखर करून दिली की अंगठा उमटवून घेतला, हे गावात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याच्या भूगोलाची. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर महाराष्ट्रात बंधन आहे. पण पश्चिम महाराष्ट्रात ते १९४८ च्या कूळकायद्याने आहे, मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कायद्याने आणि विदर्भात १९५८ च्या वेगळ्या कायद्याने. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घ्यायची तर कलम ३६ आणि ३६-अ आडवे येतात. जिरायतीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा येतो, आणि त्याचे नियम अलीकडेच बदललेले आहेत. दूरच्या शहरात बसून सगळ्या राज्यांसाठी एकच नमुना भरणाऱ्या माणसाला परभणी आणि पनवेल यांतला हा फरक माहीत असेलच, असे धरून चालता येत नाही.

तिसरी गोष्ट तर आपल्या काळजाची आहे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसले तर तिथेच थांबायचे. ती जमीन शासनाने अटींवर दिलेली असते. त्यात महार वतनाच्या जमिनीही येतात. वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांकडून गावकीची वेठ करून घेतली जात होती. त्या वतन कायद्यात बदल व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय हस्तांतर नाही, या अटीवर. ही अट आपल्या माणसाच्या हातची जमीन कवडीमोलाने जाऊ नये म्हणून उपयोगाची होती. प्रत्यक्षात काय झाले? शहरांच्या कडेच्या कितीतरी वतनजमिनींवर कुलमुखत्यारपत्रे लिहून घेतली गेली, साठेखते झाली, प्लॉट पडले. आणि त्यातले काही प्लॉट आज आपल्याच मुलांना ‘क्लिअर टायटल’ म्हणून विकले जातात. आजोबाची जमीन नातू बाजारभावाने विकत घेतो आणि तीही बेकायदा ठरू शकते!

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातला सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. जमिनीवर शासनाचे नाव, वतनदारांच्या वारसांकडून घेतलेली कुलमुखत्यारपत्रे, आणि तरीही ३०० कोटींचा खरेदीदस्त नोंदला गेला. यातून सामान्य खरेदीदाराने एकच धडा घ्यावा. दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी शुद्ध झाली, असे नाही. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितले आहे. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर मालकी मिळत नाही, हे त्याच न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले आहे. आपल्या वस्त्यांत मात्र आजही बाँड पेपरवर नोटरी करून प्लॉट ‘घेतले’ जातात. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीच्या शिक्क्याने ती होत नाही, वकील कितीही ओळखीचा असला तरी.

समोरासमोरचा भ्रम

आता ज्येष्ठांकडे वळू. वकील समोर बसला म्हणजे तो आपला झाला, असे नसते. फ्लॅट घेताना कागदपत्रे बहुतेक वेळा बिल्डरचा वकील करतो. प्लॉट घेताना एजंट म्हणतो, “आपले वकीलसाहेब आहेत ना, तुम्ही फक्त सहीला या.” हे साहेब समोर बसलेले असतात, चहा देतात, नमस्कार करतात. पण त्यांची फी दर महिन्याला एजंटकडून येते आणि आपण आयुष्यात एकदा येतो. त्यांनी कोणाची बाजू सांभाळावी अशी आपली अपेक्षा आहे?

आणखी एक समज घट्ट बसलेला आहे. “बँकेने लोन दिले, म्हणजे कागद क्लिअर.” बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढे पाहतो. तुम्हाला ताबा मिळेल का, पार्किंग मिळेल का, सोसायटीच्या नावे जमीन झाली आहे का, याची चिंता करणे हे त्याचे काम नाही. त्याचा रिपोर्ट बँकेसाठी असतो. बँक बुडाली नाही तरी तुम्ही बुडू शकता, कारण हप्ता तुम्हीच भरणार असता.

मग काही कार्यकर्ते म्हणतात, आपल्या समाजाचा वकील धरा, विषय संपला. आम्हाला हे निम्मेच मान्य आहे. आपल्या तरुण वकिलांना काम मिळाले पाहिजे, यात वाद नाही. ते आपल्याला खुर्ची देतील, आपली भाषा समजून घेतील, वतनाचा इतिहास त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही. पण फौजदारी खटले उत्तम चालवणारा भाऊ जमिनीच्या कागदात कच्चा असू शकतो. ‘जयभीम’ म्हणणाऱ्या एजंटाने आपल्याच वस्तीत एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात. जात बघून विश्वास टाकायचा आणि कागद बघायचाच नाही, हे आपण ज्या मानसिकतेविरुद्ध लढतो तिचेच उलटे रूप आहे. आपल्या माणसाकडेही लेखी मत मागा. जो खरा आंबेडकरवादी वकील असेल त्याला याचा राग येणार नाही.

चवदार तळ्याचे उदाहरण या ठिकाणी आठवावे. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना मनाई ही जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेब सत्याग्रही होते, तसेच या दाव्यात प्रतिवादीही होते. तळे नगरपालिकेचे आहे ही बाब पुराव्याने मांडली गेली, आणि १९३७ साली उच्च न्यायालयातही सवर्णांचे अपील फेटाळले गेले. पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क माणूस म्हणून होताच. तरीही मालकी कोणाची, हे न्यायालयात सिद्ध करण्याचे काम दहा वर्षे चिकाटीने झाले. आपण भावनेवर फ्लॅट बुक करतो.

जबाबदार कोण?

वकिलाने चुकीचा रिपोर्ट दिला तर काय? मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे ग्राहक मंचाचा रस्ता बंद. उरतात दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार. या दोन्हींसाठी एक विशिष्ट, सनदधारक, सही करणारा माणूस लागतो. मेलवर आलेल्या रिपोर्टवर फक्त कंपनीचा लोगो असेल, वकिलाचे नाव आणि सनद क्रमांक नसेल, तर उद्या तक्रार कोणाविरुद्ध करणार? बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळांवरून वकिलांच्या सेवा विकण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले आणि बार कौन्सिलला कारवाईचे निर्देश दिले. ‘टॉप रेटेड वकील’ अशी चांदण्यांची रांग पाहून भुलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फी परवडत नाही म्हणून स्वस्त ॲपकडे जाणाऱ्यांना एक हक्क माहीतच नसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. ‘विधी सेवा’ या शब्दात कोर्टातला खटलाच नव्हे, तर कायदेशीर सल्लाही येतो. स्त्रियांनाही, कोणत्याही जातीच्या असोत, हाच हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. १५१०० ही मदतवाहिनी आहे. सामायिक सुविधा केंद्रातून ‘टेलि-लॉ’द्वारे वकिलाशी बोलता येते, तेही आपल्याला मोफत. दूरवरून सल्ला घ्यायचाच असेल तर आधी इथे घ्या. प्राधिकरणाचा वकील तुमच्यासाठी तीस वर्षांचा शोध घेऊन देईलच असे नाही, पण कुठे थांबायचे आणि कोणता कागद मागायचा, हे विसार देण्यापूर्वी कळले तरी निम्मे संकट टळते.

मग निवड कशी करायची?

बांधकाम चालू असलेला, महारेरात नोंदलेला फ्लॅट असेल तर बरीचशी तपासणी ऑनलाईन होते. करारनामा मात्र स्वतःच्या वकिलाला दाखवा. व्हिडीओ कॉलवर दाखवला तरी चालेल, पण तो बिल्डरचा नको. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही, हे रेराच्या कलम १३ मध्ये आहे.

जुना फ्लॅट असेल तर कागद ऑनलाईन काढा, पण सोसायटीत स्वतः जा. थकबाकी, कर्जाचा बोजा, मूळ करारनामे कोणाकडे आहेत, हे सचिवासमोर बसून विचारा. मूळ कागद ‘हरवले आहेत’ म्हणाला तर बहुधा ते कुठेतरी गहाण आहेत, असे समजूनच पुढची चौकशी करा.

प्लॉट किंवा गुंठेवारी असेल तर समोरासमोरच्या वकिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका. बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन पाहा. ‘गुंठेवारी नियमित होणार आहे’ या वाक्यावर पैसे देऊ नका. झाली असेल तर २००१ च्या कायद्याखालचे प्रमाणपत्र मागा.

शेतजमीन असेल तर वकील त्याच जिल्ह्यात काम करणारा हवा, पण विकणाऱ्याच्या तालुक्यातल्या गोतावळ्याबाहेरचा असेल तर बरे. शेजारच्या तालुक्यातला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचा निवडा. त्याच्याबरोबर किंवा त्याच्या सांगण्यावरून शिवारात जा. प्रत्यक्ष कोण कसतो, रस्ता कुठून आहे, बांधावर कोणाचा वाद आहे, हे पाहा. मोजणी करून घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. आपण जमीन घेतली म्हणून गावातल्या प्रस्थापितांनी अडवणूक केली, बेकायदा कब्जा केला किंवा हुसकावून लावले, तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये तो स्वतंत्र गुन्हा आहे. त्या दिवशी आपल्याला कागद जाणणारा वकीलच नाही, तर पोलीस ठाण्यात आपल्यासोबत येणारा वकील लागेल. तो मोबाईलमधून बाहेर येऊ शकत नाही.

आणि सगळ्याच व्यवहारांत वकिलाकडून तीन गोष्टी घ्या. सनद क्रमांक, फीची पावती आणि स्वतःच्या सहीचा लेखी शोध व मालकी अहवाल. जो या तीन गोष्टी देतो तो ऑनलाईन असला तरी चालेल. जो देत नाही तो मांडीला मांडी लावून बसला तरी नको. शक्य असेल तर घर घरातल्या स्त्रीच्या नावे घ्या. मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहेच, पण बाबासाहेबांचा विचार भिंतीवरच्या फोटोइतकाच घराच्या दस्तावरही दिसला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. प्रत्येकाने एकेकटे हे सगळे करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्यांना चार पिढ्यांचा आधार आहे तेही एकटे करत नाहीत. आपल्याकडे विहारे आहेत, वाचनालये आहेत, कायदा शिकलेली मुले-मुली आहेत. महिन्यातला एक रविवार विहारात ‘कागद वाचन’ ठेवा. कोणी विसार देणार असेल तर आधी कागद घेऊन तिथे यावे, एका मुलाने पडद्यावर सातबारा आणि सूची काढावी, एका वकिलाने समोर बसून वाचावे आणि शंका लिहून द्याव्यात. मग ऑनलाईन की समोरासमोर हा वादच उरणार नाही, कारण दोन्ही आपल्या हातात असेल. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या एका रात्रीचे पैसे वाचवले तर हे काम वर्षभर चालते.

जमीन नसलेला समाज म्हणून आपल्याला गावाबाहेर ठेवले गेले. आता आपण स्वतःच्या घामाच्या पैशाने सातबाऱ्यावर आणि दस्तावर नाव लावतो आहोत. ते नाव कोणा एजंटाच्या शब्दावर किंवा ॲपच्या चांदण्यांवर उभे राहू नये. ते तपासलेल्या कागदावर उभे राहावे.

जयभीम!